दुसरा डोस

आठ वर्षांची असल्यापासून त्सिरिला पेट्या सांभाळतेय.
मधमाश्यांनी किती डंख मारले, मोजले नाहीत.
म्हणून नर्स निवेस म्हणाली, 'जरा दुखेल हं,'
तेव्हा ती नुसती हसली.
'कुठल्या हाताने कामं करता?'
'उजव्या,' ती म्हणाली,
शाळेत पट्टी खाऊन शिकलेलं उत्तर.
निवेसने सुई डाव्या दंडात दिली.

नागिणीची लस.
आपण नागीण म्हणतो,
स्लोव्हेनियाच्या या डोंगरांत तिला पट्टा म्हणतात:
कमरेला आवळतो, सैल करता येत नाही.
भावाला झाला होता, लोव्रोला.
फोड तीन आठवड्यांत सुकले,
आग वर्षभर राहिली.
शर्टाचा स्पर्शही सोसेना,
तेव्हा भर डिसेंबरात उघडा
खिडकीशी उभा राहायचा,
आणि तिने आणलेला चहा
तसाच गार व्हायचा.

संध्याकाळपर्यंत काहीच नाही.
भांडी घासली, पेअर सोलून वाळत घातले.
मग दंड ठणकू लागला.
लाल, कढत, हात लावू देईना.
दहा वाजता कणकण,
बाराला हुडहुडी,
दोन रजया, त्यावर नवऱ्याचा जुना ओव्हरकोट,
तरी दात वाजायचे थांबेनात.
निवेसने कागदावर लिहून दिलं होतं सगळं,
पण चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता
आणि स्वयंपाकघर त्या रात्री
फार लांब होतं.

पहाटे कधीतरी तिला आठवलं,
हिवाळ्यात माश्या काय करतात.
राणीभोवती गोळा होतात
आणि थरथरतात. उडत नाहीत, नुसत्या थरथरतात,
त्यातूनच ऊब येते.
पेटीला कान लावला की ऐकू येतं.
तिने स्वतःला कान लावला.
कुणाला राखतायत एवढं, इथे, आत?
घामाने उशी भिजली, तेव्हा झोप लागली.

सकाळी ताप उतरला, हात नाही.
खांद्याच्या वर जाईना.
फणी उजव्या हातात धरली तर भांग वाकडा,
कॉफी उजव्या हाताने ओतली तर बशीत.
पासष्ट वर्षांनी कळत होतं,
पट्टी फक्त लिहिण्यापुरतीच चालली होती.

आणि माश्यांना पाक द्यायचा राहिला होता.
इथल्या पेट्या कपाटासारख्या, मागून उघडणाऱ्या,
वरची रांग डोक्याच्या उंचीची.
शेजारच्या विल्कोला बोलवावं लागलं,
त्याला, जो माश्यांना भिऊन
आजवर लांबच्या वाटेने चर्चला जात आला.

विल्कोलाही त्याच दिवशी, त्याच निवेसने,
तीच लस दिलेली. त्याला काही म्हणजे काही नाही.
दंड दाबून दाबून पाहिला होता त्याने.
'माझ्या अंगाला कुणी कळवलंच नाही बहुतेक,' म्हणाला.
'दुखलं नाही म्हणजे लागू पडली नाही असं नसतं,'
निवेसने फोनवर समजावलं होतं.
ते त्याला पटलं नव्हतं.
लाकूडगिरणीत चाळीस वर्षं काढलेला माणूस,
आवाज आला नाही की यंत्र बंद आहे असंच समजणार.

जाळी घालून, श्वास रोखून,
त्याने वरची सहाही दारं उघडली,
ती खालून सांगत गेली: हळू. आता ओत. आता लाव.
एकही माशी डंखली नाही.
त्याचंही त्याला वाईट वाटलं.

रात्री साडेदहाला फोन.
'सदतीस पूर्णांक नऊ!'
जणू नदीतून मासा काढलाय एवढा.
'आणि त्सिरिला, दंडसुद्धा!
गाडीने धडक दिल्यासारखा!'
'गोळी घे. पाणी पी. झोप.'
'थांब, परत मोजतो,' तो म्हणाला,
आणि रिसीव्हर खाली न ठेवताच गेला.

ती वाट बघत राहिली,
फोन उजव्या कानाशी, अवघडलेला.
तारेपलीकडे कपाटाचं दार वाजलं,
पाणी ओतल्याचा आवाज आला,
मग बराच वेळ
एक म्हातारा दात वाजवत
आनंदाने थरथरताना ऐकू येत होता.